गढीतली पागा आणि तिच्या पाठीची भिंत

आमच्या तापीकाठच्या गावांत गढी मोडायला लागली की पहिला नंबर पागेचा. घोडे गेले, आता ही लांबलचक पडवी ठेवून करायचं काय, असा साधा हिशोब असतो. सागाच्या तुळया विकल्या जातात, खांब कुणाच्या तरी ओसरीला लागतात, किलच्या (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी फळ्या) चुलीत जातात. मागे उरतो तट. तो चार-पाच पावसाळे काढतो आणि एका रात्री धाडकन खाली येतो. सकाळी पारावर सगळ्यांचं एकमत होतं, ‘तट जुनाच झाला होता.’ जुना तर तो त्याआधीच्या शंभर पावसाळ्यांतही होताच. पागा गेली म्हणून तो पडला.

हे कसं, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी कामं त्यावरच अवलंबून आहेत. मी पाहिलेल्या गढ्यांत पागा ही वेगळी उभी इमारत क्वचितच असते. ती तटाला आतून टेकवलेली असते. मागची भिंत म्हणजे तटच, पुढे खांबांची रांग, दोन्हींवर तुळया, तुळयांवर किलच्या आणि वर मातीचं धाबं. देशावर आणि मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात तेच हे. तुळयांची मागची टोकं तटात हात-दीड हात शिरलेली असतात. धाबं तटाच्या आतल्या अंगावर छत्री धरतं आणि तुळया तटाला जागेवर धरून ठेवतात. पागा उतरवली की तुळयांची भोकं आ वासून उरतात आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पोटात जातं. म्हणून या लेखात पागा आणि तट हे एकच काम समजून चाललो आहे. तुम्हीही तसंच समजा. अंदाजपत्रक करतानासुद्धा दोघांची फाईल एकच ठेवा.

आधी कागद, मग टेप

भिंत कोणाची, हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवला नाही तर तो कामाच्या मध्यावर तुम्हाला सोडवतो. गढीचे वारस पंधरा-वीस असतात. निम्मे सुरत-पुण्याला, आणि तटाच्या बाहेरच्या अंगाला कोणीतरी गोठा टेकवलेला. गावाला सिटी सर्व्हे झालेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशाची नक्कल काढा. नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, पाहा. अलीकडे स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे, तिचा नकाशा मिळाला तर फार सोय होते. वरून पाहिलं की तटाची मूळ रेघ कुठे वळते आणि बुरूज कुठे होता, ते कळतं. वाद दिसला तर हद्द कायम मोजणीचा अर्ज टाका आणि तोवर भिंतीला हात लावू नका.

दुसरा कागद म्हणजे संरक्षणाचा. गढी स्वतः केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक खिळाही ठोकता येत नाही. ती संरक्षित नसेल, पण जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल, तरी स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरपर्यंतही परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही.

तिसरा कागद जुना. खानदेश १८१८ मध्ये कंपनी सरकारकडे गेला. शिलेदारांची घोडी आणि त्यांचा खर्च चालवणारी सत्ता दोन्ही संपली, आणि पागा एकेक करून रिकाम्या झाल्या. त्याआधीचे कागद मोडीत असतात. घरात दप्तर असेल तर ते वाळवीपासून वाचवा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ अशा कामासाठी विचारायची पहिली जागा. दप्तरात ‘पागा बांधली’ असं वाक्य शोधू नका, ते सहसा सापडत नाही. चंदीचा (घोड्याच्या दाण्याचा) खर्च, मोतद्दारांचा (घोड्यांची निगा राखणाऱ्यांचा) रोजमुरा, वैरणीचा हिशोब शोधा. किती घोड्यांना किती चंदी लागली हे सापडलं की पागेचे खण, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, त्याच्याशी ताडून पाहता येतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये गावाची नोंद असेल तर तीही पाहा. किल्ला किंवा गढी तेव्हा कोणत्या अवस्थेत होती, ते तिथे एखाद्या ओळीत सापडू शकतं.

दोनदा जा

एकदा वैशाखात, एकदा आषाढात. वैशाखात गवत नसतं, पाया दिसतो, तडे कोरडे आणि उघडे असतात. पहाटे सहा ते दहा काम करा. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी भिंतीजवळ उभं राहणं म्हणजे भट्टीला पाठ लावणं. आषाढातली फेरी मात्र भर पावसात करायची. छत्री घ्या आणि तासभर काही न करता पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे नाहीसं होतं, ते बघत उभे राहा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं आणि सगळं निदान चुकलं होतं.

बरोबर घ्यायचं सामान थोडं आहे: ३० मीटरचा टेप, ओळंबा, सुतळी, खडू, बॅटरी, आलेखाची वही, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि समपातळी पाहायला पारदर्शक नळी. लांब काठी आणि बूट विसरू नका. पडक्या पागेत घोणस असतेच असं धरून चाला. जमिनीत पेव सापडलं, म्हणजे धान्य साठवायचा जुना खड्डा, तर आत उतरू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, उतरणारा माणूस आवाजही न करता बसकण मारतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

ठाण शोधायचं

आता खरी मजा. पागेचं एकक म्हणजे ठाण, एका घोड्याची उभं राहायची जागा. ते कागदावरून समजत नाही, म्हणून माझा सल्ला असा की मोजणीआधी एकदा सारंगखेड्याला जाऊन या. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार म्हणजे उघड्यावरची जिवंत पागा. घोडं आगाडी-पिछाडीवर कसं बांधतात, पुढच्या आणि मागच्या मेखांत किती अंतर सोडतात, दोन घोड्यांमध्ये किती, तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) कुठे लटकतो, माणूस खरारा करायला कोणत्या बाजूने शिरतो, हे सगळं तिथे टेप लावून मोजता येतं. घोडेवाले हसतात, पण मोजू देतात. मला बांधलेल्या घोड्याला साधारण पाच-साडेपाच फूट रुंदी आणि पिछाडीसकट नऊ-दहा फूट लांबी लागताना दिसली. आपल्या पागेचा खण तेवढाच का, आणि खोली बारा-चौदा फूट का, हे तिथे उभ्या-उभ्या समजतं. उरलेले चार फूट मोतद्दाराच्या ये-जा करण्याचे.

हे माप डोक्यात घेऊन गढीत परत या आणि खालून वर पाहा.

जमिनीपासून सुरुवात. ठाणाची मूळ जमीन मुरूम आणि चुनखडी ठोकून केलेली किंवा खडबडीत दगडांची असते, कारण गुळगुळीत फरशीवर नाल मारलेला पाय घसरतो. वर शहाबादी फरशी दिसली तर ती नंतरची. एका कोपऱ्यात ती उचलून खाली काय आहे ते पाहा. जमिनीला उतार आहे का, हे नळीने तपासा. उतार घोड्याच्या मागच्या पायांकडे असतो आणि तिथे आडवी नाली असते. ही नाली बहुतेक ठिकाणी मातीने भरलेली सापडते. ती शोधणं हे सबंध कामातलं सगळ्यात महत्त्वाचं शोधकाम, का ते पुढे येईलच.

मग कड्या आणि मेखा. भिंतीत चिणलेली लोखंडी कडी, किंवा भोक पाडलेला दगड, छातीच्या उंचीवर. आमच्या गावच्या पागेत अकरा खण आहेत. नऊ खणांत कड्या सापडल्या, दोन खण भिंत घालून बंद केलेले. एकात मोतद्दार राहत असणार, कारण तिथे चूल लागल्याचा काळा पट्टा आहे. दुसऱ्यात जीन, झूल, खोगीर. म्हणजे नऊ घोडी. गावात मात्र ‘शंभर घोड्यांची पागा’ म्हणून सांगतात, आणि मी तो वाद घालणं सोडून दिलं आहे.

गव्हाण पाहताना फसू नका. घोडी गेल्यावर पागांत बैल आले. बैलाची गव्हाण बुटकी, लांबट, कडब्यासाठी केलेली असते आणि तिच्या काठाला दावणीच्या दोरांनी पडलेल्या खाचा असतात. घोड्याला चंदी तोबऱ्यातून देत, त्यामुळे कितीतरी पागांत घोड्यासाठी पक्की गव्हाण नव्हतीच. तिसरा थर कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा रिकामी छपराखालची जागा म्हणजे कोठार. खांबांमधल्या जागा कच्च्या भिंतींनी बुजवलेल्या दिसल्या आणि दर्जांत (दगड-विटांमधल्या सांध्यांत) सरकी सापडली तर तो थर तो. पाडण्याआधी नोंद करा. तीही आता इतिहासच आहे.

वर पाहिलं की कोनाडे आणि झरोके. दिव्याचा कोनाडा घोड्याच्या तोंडापासून लांब, वर असतो आणि त्याच्या कमानीला काजळीची जीभ असते. झरोके छताच्या लगेच खाली, कारण घोड्याच्या मुतातून सुटणारी उग्र वाफ गरम हवेबरोबर वर चढते. आता लोक साळुंक्या येतात म्हणून हे झरोके विटांनी बुजवतात आणि मग पागेत कुबट वास का येतो म्हणून विचारतात. जाळी लावा, बुजवू नका.

दारावरूनही बरंच कळतं. पागेच्या वाटेला उंबरठा नसतो किंवा झिजून सपाट झालेला असतो, आणि दाराची उंची घरातल्या दारापेक्षा हातभर जास्त. गढीच्या मुख्य दरवाजाच्या देवडीपासून पागेपर्यंतची वाट सरळ असते, घराकडची वाट मात्र वळून जाते. नकाशा काढताना ही वाट तुटक रेघेने दाखवा.

मोजणी आणि नकाशा

जुनी भिंत काटकोनात नसते, हे गृहीत धरा. चारही बाजू मोजून आयत काढला तर नकाशा खोटा. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. पागेच्या लांबीने एक सुतळी ताणा, तीच आधाररेघ, आणि सगळी मापं तिच्यापासून घ्या. खांबांना एका टोकापासून क्रमांक द्या आणि ते खडूने लिहा, म्हणजे फोटोतही दिसतील.

आडवा छेद मात्र टाळू नका. लोक प्लॅन काढतात आणि थांबतात. भिंतीचं सगळं दुखणं छेदात दिसतं. बाहेरच्या रस्त्याची पातळी, तटाची पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर जाडी, आतली जमीन, नाली, जोतं, खांब, तुळई, धाब्याची जाडी, हे एका कागदावर आलं पाहिजे. पागेच्या दोन टोकांना आणि मध्ये, असे तीन छेद पुरतात.

धाब्याची जाडी मोजताना बारीक लोखंडी सळई वरून खुपसा. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायची रीत आहे. खाऱ्या मातीतली चिकण पाणी लागलं की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि पाणी खाली उतरत नाही. हिशोब उत्तम, पण जुनी माती न काढता नवी टाकत गेलं की थर वाढतो. एक घनफूट दाबलेली माती कोरडी असतानाच साधारण ४५ किलो. साडेपाच फूट बाय चौदा फुटांच्या एका खणावर फूटभर माती असेल तर साडेतीन टन झाले, आणि पावसात त्याहून जास्त. वाकलेल्या तुळईला दोष देण्याआधी हा गुणाकार करा.

वय सांगणाऱ्या खुणा

हे थोडक्यात. सातपुडा किंवा साक्रीकडच्या भागात काळा दगड हाताशी असतो, तिथे तट वरपर्यंत दगडी दिसतो. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात दगड लांबून आणावा लागे, म्हणून खाली तीन-चार फूट दगड आणि वर वीट किंवा नुसती पांढरी माती. तेव्हा माती दिसली म्हणून भिंत गरिबाची किंवा अलीकडची ठरत नाही. पातळ, पसरट विटा आधीच्या, ९ इंची जाड विटा इंग्रजी अंमल आल्यानंतरच्या. मंगलोरी कौलं आणि नालीदार पत्रे रेल्वे आल्यानंतरचे. तुळईच्या जागी रूळ घातलेला असेल तर त्याचा कणा घासून पाहा, कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. मात्र ते साल रूळ तयार झाल्याचं. तो जुना झाल्यावर लिलावात विकला गेला आणि मग इथे आला, म्हणजे दुरुस्ती त्यानंतरची, एवढंच म्हणता येतं.

भिंतीचं दुखणं ओळखणं

पागेच्या भिंतीला जो आजार होतो तो घराच्या भिंतीला तितका होत नाही. शेकडो वर्षं घोड्यांचं मूत आणि लीद जमिनीत मुरली. त्यातून जमिनीत नायट्रेटचे क्षार तयार झाले. भिंत पायातून ओल वर ओढते, ओलीबरोबर क्षार चढतात, उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार वीट-दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन बसतात. स्फटिक फुगतात, कातडी सुटते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. पूर्वी जुन्या गावठाणांची आणि गोठ्यांची अशीच माती धुऊन सोरा काढत आणि तो बंदुकीच्या दारूत जाई. ज्या भिंतीने गढी राखायची तिच्या पायातच दारूचा कच्चा माल साठत होता, ही गंमत मला फार आवडते. जुने गवंडी ती पांढरी भुकटी जिभेवर ठेवून सांगत, खार कोणता. तुम्ही ठेवू नका, ती कशापासून झाली ते आत्ताच वाचलंत.

लोण्याची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते प्रत्येक खणात मोजा आणि छेदावर टिपा. तीन-चार फुटांच्या खाली एकसारखी असेल तर ओल जमिनीतून. रेघ मध्येच उंच उडी मारत असेल तर तिथे वरून पाणी येतं आहे: फुटलेली पन्हळ, बुजलेली मोरी, किंवा बाहेरून टेकलेली कोणाची तरी न्हाणी.

इथे आमच्या घरचीच चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी लोणा दिसतो म्हणून एका ठेकेदाराकडून पागेच्या मागच्या भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. पहिलं वर्ष झकास. दुसऱ्या वर्षी लोणा चार फुटांच्या वर, सिमेंट संपतं तिथून फुटला. तिसऱ्या वर्षी गिलावा पाट्यांसारखा निखळला आणि त्याच्याबरोबर विटांचे दर्शनी तुकडेही आले. सिमेंटने ओलीचं उडणं बंद केलं, ओल थांबली नाही. आमच्याकडे एक म्हातारे गवंडी आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी ते बघून एवढंच म्हटलं, “पाणीले वाट दी द्या, मंग भितले काय व्हस नही.” हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

लोण्यानंतर तडे. तडा दिसला की घाबरण्याआधी तो चालू आहे की थांबलेला, ते पाहा. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर तडा जुना, निवलेला. फुटली तर भिंत हलते आहे. भिंतीवर मुठीने किंवा लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा. भरीव आवाजातून अचानक पोकळ आवाज आला तर तिथे बाहेरची कातडी आतल्या भरणीपासून सुटली आहे. जाड तटात दोन दर्शनी थर आणि मध्ये माती-खडीची भरणी असते, आणि दोन्ही थरांना बांधणारे हेडर दगड कमी पडले की मधली भरणी ओली होऊन खाली बसते आणि पोट बाहेर काढते. पोट आलेल्या जागेखाली खाट टाकून कोणी झोपत असेल तर त्याला आजच उठवा.

ओळंबा माथ्याच्या मध्यापासून सोडल्यासारखं माप काढा. तो पायाच्या मधल्या तिसऱ्या भागात पडत असेल तर भिंत कलली असली तरी उभी राहील. त्याच्या बाहेर गेला तर आधी धिरे (तिरपे टेकू) लावा आणि अभियंत्याला बोलवा, लेख वाचत बसू नका.

झाडांचं एक. पिंपळ-उंबराची रोपं ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. फांद्या छाटा, बुंधा कापा, कापलेल्या तोंडाला मूळ मारणारं औषध लावा आणि मूळ आत वाळू द्या. वाळलेलं मूळ नंतर सोडवता येतं आणि भोक चुन्याने भरता येतं.

दुरुस्तीचा क्रम

क्रम चुकला की पैसे वाया. गिलाव्यापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो दिसतो. तो सगळ्यात शेवटी.

पहिलं, पाणी. वर सांगितलेली नाली मोकळी करा आणि ती कुठे बाहेर पडत होती ते शोधा. तटातून बाहेर जाणारी मोरी असतेच. आमच्या पागेचं धाबं सुमारे ७९ चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ४७ हजार लिटर पाणी त्यावर पडतं. त्यातलं काही मातीत मुरून उडून जातं, उरलेलं पन्हळींतून खाली येतं. पन्हळ भिंतीपासून दोन फूट तरी बाहेर पडली पाहिजे आणि पाणी पडेल तिथे फरसबंद उतार हवा. खोदताना काही सापडलं, नाणी, भांडी, काहीही, तर लपवू नका. निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे, पण तो अजून लागू आहे, आणि दहा रुपयांवरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनाच्या नादाने जेवढे तट पोखरले गेले तेवढे तोफांनीही पाडले नसतील.

दुसरं, तटाचा माथा. सुटलेले दगड काढून, माती झाडून, चुन्यात परत बसवा आणि वर दोन्हीकडे उतार असलेली चुन्याची पाठ करा. मातीच्या तटाला चुन्याऐवजी भूस घातलेल्या मातीची टोपी चालते, मात्र ती दरवर्षी बघावी लागते.

तिसरं, छप्पर. तुळयांची भिंतीतली टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. चार बोटं आत गेला तर टोक कुजलं. सगळी तुळई बदलायची गरज नसते, कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा सांधा देता येतो. सुतार चांगला पाहा, घाई करणारा नको. टेकू लावल्याशिवाय धाब्यावरची माती काढू नका, आणि माती काढताना पागेच्या दोन्ही टोकांकडून सारखी काढत या. एकाच बाजूचं ओझं उतरलं की दुसरी बाजू झुकते. तुळईचं टोक परत भिंतीत बसवताना त्याच्या भोवती बोटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे टोकाला हवा लागेल.

चौथं, लोणा. पायथ्याची सुटी भुकटी सुक्या ब्रशने झाडा आणि ती गोळा करून गढीच्या बाहेर टाका. तिथेच पाडली तर पुढच्या पावसात परत भिंतीत जाते. पाण्याने धुऊ नका. मग कागदाचा लगदा किंवा चिकणमाती साध्या पाण्यात कालवून बोट-दीड बोट जाडीचा लेप द्या. तो वाळताना क्षार भिंतीतून लेपात येतात. वाळून आपोआप सुटला की काढून टाका. हे तीन-चार वेळा करावं लागतं. त्यानंतर पायथ्याला चार फुटांपर्यंत माती-चुन्याचा मऊ गिलावा द्या. हा गिलावा खराब होण्यासाठीच असतो. क्षार त्याला खातात, वीट वाचते. पाच-सात वर्षांनी तो काढून नवा द्यायचा.

पाचवं, दर्जा. चुना कळीचा (भाजलेला, न विझवलेला) आणा, दुकानातली पिशवीतली विझवलेली पूड नको. कळी पाण्यात विझवा आणि किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. दर्जेसाठी एक भाग चुना, एक भाग विटकरीची भुकटी, दोन भाग धुतलेली वाळू, इथून सुरुवात करा. एका कोपऱ्यात हातभर जागेत नमुना लावा आणि दोन महिने बघा. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा घालायची रीत आहे, पण प्रमाण हात बसलेल्या गवंड्यावर सोडा. जास्त गूळ म्हणजे मुंग्या. दर्जेतली जुनी माती दीड-दोन इंच खोल खरवडा, पाणी शिंपडा, मग भरा. भरून झाल्यावर ओलं गोणपाट टाकून दहा-बारा दिवस ओलावा टिकवा. हे काम कार्तिकापासून माघापर्यंतच. वैशाखात लावलेला चुना वाळतो, पण धरत नाही.

तट बाहेरून

लोक आतून पागा बघतात आणि घरी जातात. तटाला बाहेरून एक फेरी घाला. गावातला काँक्रीटचा रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा चढतो. आमच्याकडे तटाचा जो दगडी पाया माझ्या आजोबांना गुडघ्यापर्यंत दिसे, तो आता जमिनीखाली आहे आणि रस्त्याचं पाणी थेट मातीच्या भागाला लागतं. ग्रामपंचायतीकडे अर्ज करा की पुढचा रस्ता जुना थर खरवडूनच करावा आणि भिंतीपासून तीन फूट सोडून गटार काढावी. एका अर्जाने होत नाही, दर ग्रामसभेत उभं राहावं लागतं.

दुसरा शत्रू शेतकरीच, म्हणजे आपलेच लोक. गढीची पांढरी माती शेतात टाकली की पीक जोर धरतं. त्यात राख, शेण, हाडं, सगळ्या वस्तीचं उष्टं-खरकटं मुरलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात तटाच्या पायथ्याची माती ट्रॉली भरून नेतात आणि वर पंधरा फूट भिंत लटकत राहते. समजावून बघा. एक उपाय आमच्याकडे लागू पडला: पायथ्याला आतून-बाहेरून घाणेरी आणि निवडुंग न लावता (मुळं भिंतीत जातात) सुटे मोठे दगड ओळीने रचले. त्यामुळे ट्रॉली मागे लागत नाही.

तिसरं म्हणजे आतली जमीन. उकिरडा, पडलेल्या भिंतींचा ढिगारा आणि दीडशे वर्षांची धूळ साठून आतली पातळी बाहेरच्यापेक्षा चार-पाच फूट वर गेलेली असते. तेव्हा तट हा तट राहत नाही, मातीचा बांध अडवणारी भिंत होते, आणि तो त्यासाठी बांधलेला नव्हता. ढिगारा काढायचा तर भिंतीला लागून जेसीबी नको. भिंतीपासून सहा फुटांच्या आत सगळं फावड्याने, आणि एकदम नाही, थरा-थराने. काढलेल्या मातीत घडीव दगड, विटा, कड्या निघतील. त्या कुठल्या खणासमोर निघाल्या ते लिहून वेगळ्या रचा. आमच्या दहाव्या खणातली हरवलेली कडी अशीच ढिगाऱ्यात, भिंतीपासून तीन हात लांब मिळाली. म्हणजे तो खण बंद केला तेव्हा ती कोणीतरी मुद्दाम उपटून फेकली होती, आणि घोडी नऊ नसून दहा होती. नकाशा परत काढावा लागला.